अर्थ गिऱ्हाईकाचा

आमच्या दुकानात एक नियम आहे: अक्षर आपलं, अर्थ गिऱ्हाईकाचा. आम्ही पाट्या, बिल्ले, ट्रॉफ्यांच्या पट्ट्या आणि सत्काराच्या ढाली कोरतो. गिऱ्हाईक जे लिहून देईल ते जसंच्या तसं उतरवायचं, काना-मात्रेचा फरक होता कामा नये. त्यातून अर्थ काय निघतो हे बघायला आपण कोण? मागे एका गृहस्थाला कुंपणावर 'कचरा टाकण्यास सक्त मनाई' अशी पाटी हवी होती. रागाच्या भरात त्याने लिहून दिलं, 'येथे कचरा टाकणे सक्तीचे आहे.' आम्ही पितळेवर सुरेख कोरून दिलं. गल्लीनेही नियम मनापासून पाळला. गृहस्थ भांडायला आला तेव्हा दादाने त्याचाच कागद त्याच्यापुढे धरला आणि दुसऱ्या पाटीचं काम घेतलं.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ, दुकानाचा मालक. चमडी जाईल पण दमडी जाणार नाही, असा माणूस. दुकानात चहा येतो तो त्याच्या एकट्यापुरता, आणि तोही तो आमच्याकडे पाठ करून पितो, आम्हाला वाईट वाटू नये म्हणून. धाकटा भाऊ कोरायच्या मशीनवर बसतो. त्याच्या हातात कला आहे, पाठीत कणा मात्र नाही. गिऱ्हाईक दारात दिसलं की हा अर्धा वाकतो आणि त्याने तोंड उघडायच्या आत 'बरोबर आहे साहेब' म्हणून मोकळा होतो. त्याची बायको, म्हणजे माझी भावजय, माल आणते आणि भांडते. पत्रेवाल्याशी, रंगवाल्याशी, आणि समोर कुणीच नसेल तर पंख्याशी. राहता राहिले मी. मी कोरलेल्या अक्षरांत रंग भरते. लग्नाच्या भानगडीत मी पडले नाही, किंवा भानगडच माझ्याकडे फिरकली नाही, कसंही म्हणा. घरचे म्हणतात, हिची उचलली जीभ लावली टाळ्याला. म्हणोत बापडे. दिवसभर स्टुलावर बसून बारीक कुंचल्याने दुसऱ्यांची नावं रंगवायची, तर तोंडाला काही काम नको?

त्या स्टुलाचं जरा सांगायला हवं. कॉलेजच्या प्रवेश परीक्षेला मीही बसले होते एके काळी. इंग्रजीने मला आडवं केलं, आणि दुसऱ्याच दिवशी दादाने मला रंगाच्या टेबलाशी नेऊन बसवलं. 'तात्पुरतं' म्हणाला होता. त्यानंतर टेबल बदललं, कुंचले बदलले, स्टुलाचा एक पायसुद्धा नवा लावला, मी मात्र तात्पुरती तिथेच आहे. मला त्याचं रडगाणं गायचं नाही. पण त्या स्टुलावर आणखी कुणी बसलेलं मला बघवलं नसतं, आणि बारकी तर मुळीच नाही.

बारकी म्हणजे धाकट्याची एकुलती एक मुलगी, माझी भाची. डोकं तल्लख. गणितात पैकीच्या पैकी, विज्ञानाच्या बाबतीत ती मास्तरांनाच शंका विचारून घाम फोडायची. पण गेल्या वर्षी प्रवेश परीक्षेत तीही माझ्याच खड्ड्यात पडली. इंग्रजीचे अवघड शब्द. चार पर्याय देतात आणि अर्थ ओळखा म्हणतात, शब्द असा की उच्चारतानाच जिभेला मुरगळ पडावी. दादाने न्यायनिवाडा केला: आणखी एकच संधी, नाहीतर दुकान. आणि तेव्हापासून तो माझ्या डोळ्यांची चौकशी करायला लागला. रंग रेषेबाहेर जातोय का गं, उन्हाचा त्रास होतो का गं. ज्या माणसाने मला साधा टेबलावरचा दिवा घेऊन दिला नाही, त्याला माझ्या डोळ्यांचा एवढा कळवळा आला, तेव्हाच मी ओळखलं की स्टुलाचा पुढचा वारस ठरला आहे.

बारकीने या खेपेला क्लास लावला. क्लासच्या सरांची एक पद्धत होती, आणि त्या पद्धतीचा त्यांना फार अभिमान होता. ते म्हणायचे, शब्द पाठ करू नका, माणसाला चिकटवा. रोज डोळ्यांसमोर असणारा माणूस घ्या, त्याचा ठळक गुण बघा, त्या गुणाचा शब्द त्याला डकवून टाका. माणूस दिसला की शब्द आठवेल आणि शब्द दिसला की माणूस. सरांनी ठळक गुण म्हटलं होतं. आता आमच्या घरात ठळक काय आहे ते मी वर सांगितलंच.

बारकी दुपारी ट्रॉफ्यांच्या खोक्यांमध्ये जागा करून बसायची आणि आमच्याकडे टक लावून काहीतरी पुटपुटायची. मला वाटायचं, मुलगी देवाचं नाव घेतेय. एके दिवशी दादा वाकड्या झालेल्या जुन्या पिना हातोडीने सरळ करत बसला होता, नव्या घ्यायला नकोत म्हणून, आणि बारकी त्याच्याकडे एकटक बघत होती. त्याच्या ते लक्षात आलं.

"माझ्याकडे बघून काय पुटपुटतेस?"

"पार्सिमोनियस," बारकी दचकून म्हणाली. "शब्द आहे, काका. परीक्षेचा."

"म्हणजे काय?"

मशीन थांबलं. धाकट्याने मान वर केली. बारकी म्हणाली, "म्हणजे मोठ्या मनाचा. उदार."

दादाच्या हातातली हातोडी तशीच राहिली. त्याला आयुष्यात असं कुणी म्हटलं नव्हतं, आणि म्हणायला कुणाला कारणही सापडलं नव्हतं. नंतर किती तरी वेळ पिनांवरचे घाव हळू पडत होते. मग काय, प्रत्येकाला आपापला शब्द हवा झाला. धाकटा ऑब्सिक्वियस निघाला, म्हणजे अदबशीर आणि सुसंस्कृत. भावजय पग्नेशियस, म्हणजे शूर, कुणाला न डरणारी. आणि मी गॅर्युलस, म्हणजे गोड वाणीची. मला तर ते ऐकून गुदगुल्या झाल्या. इतक्या वर्षांत या जिभेची कुणीतरी कदर केली होती.

दुसऱ्या कुठल्या घरात हे प्रकरण तिथेच मिटलं असतं. पण आमचा धंदा पडला कोरण्याचा. संध्याकाळपर्यंत दादानेच सुचवलं की ऍक्रिलिकचं कातरण पडलंय, वायाच जाणार, त्यात चार बिल्ले सहज निघतील. धाकट्याने कोरले, मी निळा रंग भरला, मागे सरळ केलेल्या पिना बसल्या. स्पेलिंग बारकीकडून तीनतीनदा तपासून घेतलं. अर्थ कुणी तपासला नाही. गिऱ्हाईक घरचं असलं म्हणून काय झालं, अर्थ गिऱ्हाईकाचा. दुसऱ्या दिवशी आम्ही सगळे छातीवर बिल्ले लावून दुकानात उभे, आणि बारकी खोक्यांमागे डोकं घालून बसलेली. मला वाटलं, अभ्यास करतेय.

पुढे जे झालं ते मी बघितलं नसतं तर माझा विश्वास बसला नसता. दादाने चहा मागवला, सगळ्यांना. आमच्याकडे तोंड करून प्यायला. आठवडाभराने गिऱ्हाइकांनाही मिळायला लागला. एका म्हाताऱ्या बाईंना त्याने नातवाच्या बिल्ल्यात सूट दिली, आणि देताना बिल्ल्यावरून हात फिरवला. धाकटा गिऱ्हाइकापुढे वाकायचा थांबला. सुसंस्कृत माणसाने ताठ उभं राहून बोलायचं असतं, असं त्याने ठरवलं आणि एका उद्धट साहेबाला चक्क म्हणाला की हे अक्षर एवढ्या जागेत बसणार नाही. साहेबाने ऐकलं. भावजयीचं भांडण तर बंदच पडलं. शूर माणूस पंख्याशी कशाला भांडेल? पण पत्रेवाल्याने खोटं वजन लावलं तेव्हा तिने आवाज न चढवता त्याला अशी तंबी दिली की तो माल घरपोच द्यायला लागला. मी बोलण्यापूर्वी विचार करायला लागले. सवय नव्हती, डोकं दुखायचं, पण बरं वाटायचं. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा असं म्हणतात. आमच्या हातांना मात्र नावामुळे थोडी थोडी झळाळी यायला लागली होती.

दादाला आणखी एक शोध लागला. कातरणाच्या बिल्ल्यासारखी स्वस्त भेटवस्तू दुसरी नाही. तो गल्लीभर बिल्ले वाटत सुटला, प्रत्येकासाठी बारकीकडून शब्द मागून घ्यायचा. समोरचा किराणावाला अव्हॅरिशियस झाला, म्हणजे म्हणे दयाळू. कोपऱ्यावरचा वॉचमन सोम्नोलंट, म्हणजे डोळ्यांत तेल घालून जागणारा. वॉचमन बिचारा बिल्ल्याच्या इज्जतीखातर खुर्चीवर ताठ बसून जागू लागला. ट्रॉफ्या न्यायला एका कॉलेजच्या बाई आल्या, त्यांनी आम्हा चौघांच्या छातीकडे आळीपाळीने बघितलं, मग तोंडाकडे बघितलं, आणि जाताना भावजयीला म्हणाल्या, "तुमच्या घरातला प्रामाणिकपणा मला फार आवडला." बाहेर पडेपर्यंत त्यांनी रुमाल तोंडाला धरला होता. भावजय खूश झाली. मला मात्र त्या रुमालाचा संशय आला.

अशातच दादाचं औदार्य एवढं उतू गेलं की एका संध्याकाळी तो म्हणाला, बारकी पास झाली तर तिथल्या राहण्याखाण्याचं मी बघतो. कॉलेज दुसऱ्या गावात. हा खर्च धाकट्याच्या आवाक्यातला नव्हता, आणि आजवर हा विषय निघाला की सगळे एकमेकांच्या चपलांकडे बघायचे. धाकट्याचे डोळे भरून आले. मी तर स्टुलावरून उठून उभी राहिले. बारकी तेवढी पांढरीफटक पडली.

परीक्षा तोंडावर आली आणि क्लासची सराव चाचणी झाली. दुसऱ्या दिवशी दुपारी दुकानात आम्ही दोघीच होतो. बारकी माझ्या टेबलाशी येऊन उभी राहिली आणि रंगाच्या डबीचं झाकण उघडमीट करायला लागली.

"आत्या, मी नापास होणार."

"काहीतरी बोलू नकोस."

"पार्सिमोनियस म्हणजे उदार नाही गं. कंजूष. एकदम चिक्कू."

मी कुंचला खाली ठेवला. मग एकेक करत सगळं बाहेर आलं. ऑब्सिक्वियस म्हणजे लाळघोट्या. पग्नेशियस म्हणजे भांडकुदळ. किराणावाला हावरट, वॉचमन झोपाळू. मी पोट धरून हसले, कॉलेजच्या बाईंचा रुमाल आठवून तर डोळ्यांतून पाणी आलं. मग माझ्या लक्षात आलं की एक शब्द राहिलाय.

"आणि मी गं?"

ती खाली बघायला लागली. "बडबडी. म्हणजे फालतू गोष्टींवर न थांबता बोलत राहणारी."

मला वाईट वाटलं. ठळक गुण हेरणारी सगळ्यात आवडती पोर, आणि तिला माझ्यात दिसलं काय, तर हे. पण ते चोचले पुरवायला वेळ नव्हता. मी विचारलं, मग अडलं कुठे, तुला खरा अर्थ माहीत आहे ना? तिने सांगितलं ते ऐकून मात्र माझं हसू पळालं. तिला दोन्ही अर्थ माहीत होते, पण खोटा आधी यायचा. सरांच्या पद्धतीत माणूस आठवायचा असतो. ती पार्सिमोनियस शब्दाला काका आठवायची आणि काका चहा वाटताना दिसायचे. पग्नेशियसला आई आठवायची, तर आई शांतपणे पत्रेवाल्याला समजावतेय. चाचणीत तिने उदार, शूर, सुसंस्कृत अशी उत्तरं ठोकली आणि वर सरांशी वाद घातला की माझंच बरोबर आहे. पुटपुटून बसवलेले सगळे शब्द निसटले होते, कारण आम्ही निसटलो होतो.

"मग सांगून टाकू खरं," मी म्हटलं.

"सांगितलं तर काका खर्च देतील? ते उदार म्हणून बोलून गेलेत, आत्या. बिल्ला काढला की शब्दही काढून घेतील." तिने झाकण घट्ट लावलं. "नाही सांगितलं तर नापास. सांगितलं तर पास होऊन घरी."

म्हणजे कुठूनही गेलं तरी रस्ता माझ्या स्टुलापाशीच येत होता. त्या रात्री मी जेवले नाही, आणि हे आमच्या घरात आजारपण समजतात. बारकीने कुणाला काही न सांगण्याची शपथ घातली होती. पण शपथ घालताना तिने माणूस चुकीचा निवडला. गोड वाणीच्या बाईने कदाचित पाळली असती. गॅर्युलस बाईकडून कसली अपेक्षा?

दुसऱ्या दिवशी दुकान बंद करायच्या वेळी, शटर अर्धं खाली ओढलेलं असताना, मी सगळ्यांना बसवलं आणि बोलून टाकलं. एकेकाचा शब्द, एकेकाचा खरा अर्थ, आणि पोरीची फजिती. स्वतःचाही सांगितला, उगीच कुणी म्हणायला नको. बारकी खोक्यांना पाठ लावून उभी होती आणि माझ्याकडे अशी बघत होती की त्या बघण्याला इंग्रजीत नक्कीच एखादा अवघड शब्द असणार.

दादाने बिल्ला काढला. बराच वेळ तळहातावर धरून बघितला. मग विचारलं, "स्पेलिंग बरोबर आहे ना?"

"बरोबर आहे, काका."

"मग आपली चूक नाही."

आणि इथे भावजयीचा भडका उडाला. मी भांडकुदळ? कोण म्हणतं मला भांडकुदळ? ती आधी बारकीवर घसरली, मग माझ्यावर, मग क्लासच्या सरांवर, आणि सर हजर नसल्यामुळे पंख्यावर. धाकटा मध्ये उभा राहून बायकोला 'बरोबर आहे' म्हणत होता, मला 'बरोबर आहे' म्हणत होता आणि दादाला दोनदा. एवढ्या दिवसांचा ताठ कणा एका मिनिटात वितळला. दादाने उठून अर्धे दिवे बंद केले, भांडण अंधारातही करता येतं म्हणाला. माझी तर सुरुवात झाल्यावर थांबायची पंचाईत होती. शटर, स्टूल, कॉलेजच्या बाई, लहानपणी दादाने लपवलेली गोळी, सगळं निघालं. जित्याची खोड. गोड गोड अर्थांनी ती गेली असेल असं आम्हाला वाटलं होतं, ती नुसती बाहेर वाट बघत बसली होती.

आधी दादाच्याच ध्यानात आलं. बारकी आमच्याकडे बघत पुन्हा पुटपुटत होती.

"आता काय नवीन?" त्याने विचारलं.

"काका, बसले." ती म्हणाली. "आई भांडली आणि शब्द बसला. बाबांचा बसला. तुम्ही दिवे बंद केलेत आणि तुमचापण बसला."

भावजयीने पंख्याला सोडलं. मी त्या गोळीला. दादा विचार करताना खालचा ओठ ओढतो, तसा ओढत राहिला. हा माणूस धंद्यातला आहे, गिऱ्हाइकाला नेमकं काय हवंय ते त्याला उशिरा का होईना कळतं.

"म्हणजे आम्ही पहिल्यासारखे वागलो तर तुझं काम होईल?"

"हो."

"परीक्षेपर्यंत?"

"परीक्षेपर्यंत."

त्याने बिल्ला परत छातीवर लावला. "मग उद्यापासून चहा बंद."

मी काही झालं तरी हे विचारल्याशिवाय राहणार नव्हते. "आणि तिच्या राहण्याखाण्याचं?"

"ते आत्ता विचारू नकोस," दादा म्हणाला. "आत्ता विचारलंस तर मला नाही म्हणावं लागेल. परीक्षा झाल्यावर विचार."

आता खरं सांगते, आमच्या घराण्याने एकजुटीने केलेलं हे पहिलंच काम. आईबाप मुलांच्या परीक्षेसाठी उपासतापास करतात, टीव्ही बंद ठेवतात. आम्ही आमचे दुर्गुण पणाला लावले. दादाने पोरीसाठी असा चिकटपणा केला की त्याने फडक्यातलं थिनर पिळून परत बाटलीत घातलं. वहीत दोन ओळींच्या मध्ये आणखी एक ओळ लिहायला लागला. दुपारी चहा मागवायचा, आमच्याकडे पाठ करायचा आणि मग हळूच मान वळवून बारकीचं लक्ष आहे ना ते बघायचा. भावजयीने गल्लीत एक माणूस भांडणाशिवाय सोडला नाही. ज्यांच्याशी भांडायला कारण नव्हतं त्यांना ती थांबवून सांगायची, पोरीची परीक्षा आहे, मनावर घेऊ नका, आणि मग सुरू करायची. धाकटा तर दारात थांबलेल्या मांजरालाही 'बरोबर आहे' म्हणायला लागला. वॉचमनला दादा स्वतः जाऊन सांगून आला की आमच्या मुलीसाठी जरा झोपत जा. तो बिचारा जागून जागून इतका दमला होता की वाक्य पुरं व्हायच्या आत घोरायला लागला. किराणावाल्याला काही सांगावं लागलं नाही. बिल्ला लावूनही त्याच्यात तसूभर फरक पडला नव्हता.

मला कुणी काही सुचवलं नाही. मी नुसतं तोंड उघडं ठेवलं.

परीक्षेच्या दिवशी आम्ही सगळे तिला केंद्राच्या फाटकापर्यंत सोडायला गेलो. भावजय तिथल्या शिपायाशी रांगेवरून भांडली. धाकट्याने त्याच शिपायाची माफी मागितली. दादाने बारकीच्या पेनाला टोपण नाही हे बघून स्वतःच्या पेनाचं काढून दिलं, आणि संध्याकाळी परत कर म्हणाला. बारकी हसत आत गेली. मग आम्ही समोरच्या पायरीवर बसून राहिलो. तसल्याच एका फाटकाबाहेर मी एकदा आले होते तेव्हा मला सोडायला कुणी आलं नव्हतं. मला वाटलं, आम्ही आपली ही सगळी माकडचेष्टा केली खरी, पण आत ती एकटी आहे, आणि कागदावर काका, आई कुणीच नाही, नुसती परक्या भाषेतली अक्षरं.

ती बाहेर आली तेव्हा चेहऱ्यावरून काही कळेना. भावजयीने विचारलं, कसं गेलं. ती पायरीवर आमच्यात येऊन बसली, दादाचं टोपण त्याला परत दिलं आणि म्हणाली, "सगळे आला होतात. आई दुसऱ्याच पानावर भेटली. बाबा आणि काका शेजारी शेजारी. वॉचमनपण आला होता, झोपलेलाच."

"आणि मी?" मी विचारलं. मला राहवलं नाही.

"तू शेवटी. मी थांबलेच होते तुझ्यासाठी."

निकाल लागला तेव्हा इंग्रजीच्या रकान्यातला आकडा बघून क्लासच्या सरांनी तिचा फोटो दारावर लावला, आपल्या पद्धतीचं यश म्हणून. लावू देत. निकालाच्या संध्याकाळी मी दादापुढे जाऊन उभी राहिले. तो पिना सरळ करत होता. वर न बघता म्हणाला, "विचार आता." मी विचारलं. तो हो म्हणाला, दाढ उपटावी तसं तोंड करून, पण म्हणाला. आणि दुसऱ्या दिवशी त्याने मला चष्मेवाल्याकडे नेऊन चष्मा करून दिला. फ्रेम सगळ्यात स्वस्त, पण रंग आता रेषेच्या आत राहतो. स्टुलावर मीच बसते, आणि खरं सांगायचं तर आता ते टोचत नाही.

बिल्ल्यांचं काय करायचं यावर थोडा वाद झाला. अर्थ कळल्यावर लावायचे कशाला, असं भावजयीचं म्हणणं. दादाने स्वतःचा काढला नाही. अर्थ गिऱ्हाईकाचा, म्हणाला, आणि या खेपेला गिऱ्हाईक मी आहे. चहा आता एक दिवसाआड येतो, सगळ्यांना. त्यावरून त्याच्या बिल्ल्याचा नेमका अर्थ काय धरायचा ते ज्याचं त्याने ठरवावं.

बारकी निघाली त्या सकाळी आम्ही बसच्या थांब्यावर होतो. धाकटा ड्रायव्हरला साहेब म्हणत होता, भावजय सामानाच्या जागेवरून भांडत होती, दादा नवीन पिशवीचे बंद ओढून बघत होता. पिशवी त्यानेच आणली होती आणि किंमत कुणाला सांगितली नव्हती. मी बारकीसमोर उभी. रात्रभर मी काय काय बोलायचं ते ठरवून ठेवलं होतं. जेवत जा, झोपत जा, कुणी काही बोललं तर आईसारखी भांड, स्टुलावर बसायची वेळ आली तर लाथ मार, आणि बरंच. तोंड उघडलं आणि त्यातलं एक अक्षर बाहेर येईना. नुसती तिच्या ओढणीचं टोक धरून उभी राहिले.

बसने हॉर्न दिला. बारकीने माझा चष्मा काढून तिच्या ओढणीने पुसला आणि परत माझ्या नाकावर ठेवला.

"राहू दे आत्या," ती म्हणाली. "परीक्षा झाली. आता गप्प बसलीस तरी चालेल."